संताच्या अंगावर कोणते कपडे?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

गटाच्या अध्यक्ष, सचिव, आणि कुठलंच पद नसताना बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी टाकणाऱ्या माझ्या मावश्या, अक्का, वहिनी, सगळ्यांना नमस्कार. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर ऐका, हात थांबवू नका.

मागच्या वेळी मी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलले होते. आज हिशोबाचं काही नाही. आज इतिहास सांगणार आहे. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, पण राजे आणि लढाया एवढंच पाठ केलं. देवाच्या फोटोतल्या साडीलाही इतिहास असतो, हे मला आमच्या गटातल्या एका पोरीनं शिकवलं.

झालं असं. आमच्या गटात एक ख्रिस्ती मावशी आहे. तिची मुलगी कॉलेजला जाते, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा पास आहे. बैठक संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, आमच्या चर्चच्या मुलामुलींच्या गटानं मला एका संताचं मोठं चित्र काढायला सांगितलंय. पण घरात भांडण लागलंय. संताला जीन्सची पँट घालावी का नाही?"

मला हसू आलं. पण तिची आई हसली नाही. आई म्हणाली, "बाई, तू शिकलेली आहेस, तूच सांग. आमचे म्हातारे लोक म्हणायलेत, संत म्हणजे पायघोळ झगा पाहिजे. हिच्या मैत्रिणी म्हणायल्यात, तो आपल्यासारखा सावळा काढ, नाहीतर आमची पोरं बघणार पण नाहीत. कोणाचं ऐकावं?"

आधी तो संत कोण ते सांगते. त्याचं नाव कार्लो अकुतिस. ३ मे १९९१ ला लंडनमध्ये जन्मला, वाढला इटलीतल्या मिलान शहरात. फुटबॉल खेळायचा, कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, घरात कुत्री-मांजरं पाळलेली. कॉम्प्युटरचं डोकं मोठं. त्यांच्या उपासनेत, म्हणजे मिस्सात, जो प्रसाद देतात त्याला ते ख्रिस्तशरीर मानतात. त्या प्रसादाशी जोडलेल्या जगभरच्या चमत्कारांच्या नोंदी या पोरानं जमवल्या आणि वेबसाइटवर मांडल्या. रस्त्यावर झोपणाऱ्या लोकांना तो खायला नेऊन द्यायचा. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि थोड्याच दिवसांत, १२ ऑक्टोबरला, तो गेला. वय १५. पुढे ७ सप्टेंबर २०२५ ला रोममध्ये पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्या वेळी त्याची आई तिथं हजर होती. आपल्या मुलाला संत म्हणताना ऐकायचं, हे किती आयांच्या वाट्याला आलं असेल?

आता लातूरच्या बायांना पंधरा-सोळा वर्षांचं पोर म्हणजे काय हे सांगायला नको. लातूर पॅटर्नच्या नावानं गावोगावची मुलं इथं क्लासला येतात. पाठीवर सॅक, हातात डबा, डोक्यात डॉक्टर नाहीतर इंजिनीअर. त्यांतल्या कितींच्या आया आपल्याच गटांत आहेत. कर्ज काढून फी भरलेली असते. पोराचा फोन आला नाही की रात्री झोप लागत नाही. त्या वयाचा, तसलीच सॅक पाठीवर घेतलेला मुलगा संत झाला, म्हणून चर्चच्या मुलांना त्याचं चित्र हवं होतं. मावशी मला नंतर हळूच म्हणाली, "आमची पोरं प्रार्थनेला यायचीच बंद झालीत बाई. आली तरी खाली मान घालून मोबाइल बघतात. ह्या पोराकडं तरी बघतील." म्हणजे प्रश्न नुसता पँटचा नव्हता. आपलं पोर आपल्यापासून लांब चाललंय, ही भीती त्याच्या मागं होती.

मी म्हणाले, मला आठ दिवस दे. घरी आले आणि जुनी पुस्तकं काढली. जे सापडलं ते सांगते.

सुरुवात आपल्याच भिंतीवरून करू. घरातल्या कॅलेंडरवरची लक्ष्मी डोळ्यांसमोर आणा. कमळावर उभी, अंगावर साडी, गळ्यात दागिने, चेहरा एखाद्या घरंदाज सुनेसारखा. आपल्याला वाटतं लक्ष्मी पहिल्यापासून अशीच दिसते. पण देवळातल्या जुन्या दगडी मूर्ती बघा. त्यांच्या अंगावर अशी साडी कुठं दिसते? हे रूप घरोघरी पोचवलं ते मुख्यतः राजा रविवर्मा या चित्रकारानं. ते केरळातले, किलिमानूरचे. १८४८ ला जन्मले, १९०६ ला वारले. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात चित्रं छापायचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची रंगीत चित्रं देशभर गेली. त्यांनी देवींना आणि पुराणातल्या बायकांना महाराष्ट्रातली नऊवारी नेसवली. केरळचा माणूस, जर्मनीहून आणलेलं यंत्र, साडी मराठी, आणि देवी सगळ्या देशाची.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी कितीतरी जातींच्या लोकांना देवळात पाऊल टाकायची बंदी होती. छापलेलं चित्र मात्र कोणीही विकत घेऊन घरात लावू शकत होतं. ज्या बाईला गाभारा दिसला नाही, तिच्या चुलीजवळ लक्ष्मी आली. आणि आली ती तिच्यासारखीच साडी नेसून.

आता ख्रिस्ती लोकांच्या चित्रांकडे येऊ. येशूची आई मरिया. तिचा फोटो नाही, कसा असणार? ती दोन हजार वर्षांपूर्वीची, पॅलेस्टाईनमधल्या खेड्यातली बाई. तिला निळा झगा कोणी दिला? युरोपातल्या चित्रकारांनी. त्यांनी तिला त्यांच्या देशातल्या बायकांसारखा गोरा चेहरा दिला, त्यांच्याकडचे कपडे दिले, मागं त्यांच्याकडचे डोंगर काढले. तो उंची निळा रंग एका निळ्या दगडाची पूड करून बनायचा, आणि दगड यायचा थेट अफगाणिस्तानातून. फार महाग पडायचा, म्हणून तो मरियेच्या वस्त्राला राखून ठेवायचे. आपण नाही का, चांगलं खण देवीच्या ओटीला ठेवतो, तसंच ते.

म्हणजे जे चित्र आमच्या मावशीच्या घरातल्या म्हाताऱ्यांना "खरं" वाटत होतं, तेही कोणीतरी आपल्या घरच्यासारखं करून घेतलेलंच होतं. फक्त ते घर युरोपातलं होतं.

मग आपल्याकडच्या लोकांनी असं काही केलं का? केलं. आधी शब्दांत केलं. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा शिकून मराठीत ख्रिस्ताची कथा लिहिली. तिला आपण 'ख्रिस्तपुराण' म्हणतो. १६१६ मध्ये ती गोव्यात रायतूरला छापली गेली. सगळा ग्रंथ ओव्यांमध्ये आहे. जात्यावर आपल्या आज्या ज्या ओव्या म्हणायच्या, ज्ञानेश्वरांनी ज्या घाटात लिहिलं, तोच घाट. ख्रिस्ताची गोष्ट परदेशातली, पण तिनं मराठी लुगडं नेसलं, असं म्हणायला हरकत नाही.

रंगांत हे करायला मात्र आणखी तीनशे वर्षं लागली. आणि ज्यानं केलं त्याला त्याची किंमत द्यावी लागली. त्याचं नाव आंजेलो दा फोन्सेका. गोव्यातल्या सांतो इस्तेव्ह या बेटावरच्या गावात १९०२ साली त्यांचा जन्म झाला. घरचे कॅथलिक. आधी डॉक्टरकी शिकायला मुंबईला गेले, पण मन चित्रात. ते सोडून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं इंग्रजी पद्धतीनं चित्रं शिकवत, ते त्यांना पटेना. मग थेट बंगालमध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनला. तिथं अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे त्यांचे गुरू झाले. आपल्या मातीतली चित्रं आपल्या पद्धतीनं काढायची, पाण्याच्या रंगाचे हलके हलके थर देत काढायची, हे ते तिथं शिकले.

शिकून ते गोव्याला परतले आणि मरिया काढायला लागले. त्यांची मरिया साडी नेसलेली होती. डोक्यावर पदर, रंग सावळा, कडेवर बाळ. गोव्यातली कुठलीही बाई दिसेल तशी. त्यांना वाटलं, आपल्या लोकांना आनंद होईल. झालं उलटं. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. चारशे वर्षं लोकांनी गोरीच मरिया पाहिली होती. साडीतली मरिया बघून धर्मगुरू आणि गावचे मोठे लोक रागावले. देवाच्या आईला शेतात राबणाऱ्या बाईसारखं काढलं म्हणून टीका झाली.

मैत्रिणींनो, इथं मी पुस्तक बंद करून थोडा वेळ बसले. शेतात राबणारी बाई देवाच्या आईसारखी दिसली तर अपमान कोणाचा होतो? आपण गटात बायांना सांगतो, स्वतःची किंमत ओळखा. पण आपल्यासारखी दिसणारी बाई देव्हाऱ्यात चालत नसेल, तर ती किंमत कुठून कळणार?

फोन्सेकांना गोवा सोडावा लागला. ते आपल्या पुण्यात आले. शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघ नावाचा आश्रम होता. त्याचं मूळ जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघात होतं. भारतीय पद्धतीनं साधं राहायचं आणि प्रार्थना करायची, असा त्यांचा विचार. आश्रम दुसऱ्या पंथाचा, फोन्सेका कॅथलिक, तरी तिथं त्यांना जागा मिळाली. पुढे १९५१ मध्ये त्यांचं लग्न झालं, त्यांच्या पत्नीचं नाव आयव्ही. पुण्यातच ते चित्रं काढत राहिले आणि १९६७ साली पुण्यातच वारले.

तोवर काळ बदलायला लागला होता. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये कॅथलिक धर्मगुरूंची मोठी परिषद भरली होती. तिनं लोकांच्या बोलीत प्रार्थना करायला वाट मोकळी केली. प्रत्येक देशाच्या कलेला देवळात जागा द्यावी असंही म्हटलं. ज्या गोष्टीसाठी फोन्सेकांना गाव सोडावं लागलं, ती गोष्ट रोमनं मान्य केली. आज त्यांची बरीच चित्रं गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेकडे आहेत. त्यांच्या पत्नीनं ती जपली आणि संस्थेला दिली. चित्रकार गेला तरी चित्रं घरात सांभाळून ठेवणारी एक बाई होती, हे विसरू नका.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं गोवा-पुण्याचं. महाराष्ट्राचा स्वतःचा कोणी ख्रिस्ती संत आहे का? आहे, वसईचा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तुम्हाला आठवत असतील. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारी धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. तब्येत बरी नसताना आले होते. त्याच वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात धर्मगुरूंकडे शिकले आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जहाजानं जपानला गेले. पुन्हा तेच वय बघा. जपानी भाषा शिकले. पुढे व्यापार केला, पैसा कमावला. मग सगळं सोडून फिलिपाईन्समध्ये मनिला इथं फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. भाषा येत असल्यामुळे १५९३ मध्ये त्यांना दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पाठवलं. तिथला सत्ताधीश हिदेयोशी ख्रिस्ती लोकांवर उलटला. कडाक्याच्या थंडीत महिनाभर चालवत २६ जणांना नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यांत वसईचे गोन्सालो होते, आणि तीन जपानी मुलंही होती. एक १२ वर्षांचा, एक १३, एक १४. सगळ्यांना १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर केलं. नागासाकीला ज्या टेकडीवर हे झालं, तिथं १९६२ मध्ये २६ जणांचं ब्राँझचं स्मारक उभारलं आहे. वसईला गासमध्ये त्यांच्या नावाचं चर्च आहे, वसईत कॉलेजही आहे.

पण या गोन्सालोंचा चेहरा कसा होता? फोटो नाही. चित्रात बहुतेक वेळा फ्रान्सिस्कन साधूचा तपकिरी झगा, जवळ क्रूस आणि भाला. चेहरा कुणी युरोपी काढतं, कुणी इथला. आईची सावळी कांती की बापाचं नाक, हे कोण सांगणार? ज्यानं काढलं त्यानं आपलं माणूस समजून काढलं.

त्या तपकिरी झग्याची गोष्ट ऐकली तर आमच्या पोरीचा प्रश्न निम्मा सुटतो. तो झगा आला संत फ्रान्सिसकडून. इटलीतल्या असिसी गावात आठशे वर्षांपूर्वी एका कापड व्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस जन्मला. घरात भारी भारी कापडाचे तागे. पोराचं मन गरिबांकडे. बापानं तक्रार केली, तेव्हा त्यानं बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत दिले. त्यानंतर तो गरीब माणसं घालत तसला जाडाभरडा अंगरखा घालून राहिला. म्हणजे आज आपल्याला जो "संताचा पोशाख" वाटतो, तो त्या वेळी गरिबाचा रोजचा कपडा होता. असिसीत जिथं ही गोष्ट घडली असं सांगतात, तिथंच आता एका चर्चमध्ये कार्लो अकुतिसला ठेवलं आहे. त्याचीच तशी इच्छा होती. काचेच्या समाधीत तो आहे, अंगात जीन्स, जाकीट, पायात खेळायचे बूट. एकानं जिथं भारी कपडे उतरवले, तिथं दुसरा आपल्या रोजच्या कपड्यांत निजला आहे.

मी पोरीला आणि मावशीला बसवून हे सगळं सांगितलं. मग म्हणाले, बघ, मला असं वाटतं. ज्या माणसाचा फोटो नाही, त्याला आपला चेहरा, आपली साडी, आपलं धोतर द्यायचा हक्क सगळ्यांना आहे. युरोपच्या लोकांनी घेतला, रविवर्म्यांनी घेतला, फोन्सेकांनी घेतला. पण ज्याचा फोटो आहे, ज्याची आई जिवंत आहे, त्याचा चेहरा आपण बदलायचा नाही. सावळाही करायचा नाही आणि झगाही घालायचा नाही. तो जसा होता तसाच संत झाला.

पोरगी विचार करून म्हणाली, "मग आमच्या मैत्रिणींचं काय? त्यांना त्यात आपलं काहीतरी पाहिजे."

मी गप्प बसले, कारण मला उत्तर येत नव्हतं. तिनंच काढलं. सांगते कसं.

चर्चची मुलं आधी फ्लेक्स करून आणू म्हणत होती. आपल्याकडे वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत सगळ्याचा फ्लेक्स होतो. तीच नको म्हणाली. फ्लेक्सकडे कोण बघतं? दोन दिवसांनी त्याचा पाऊस झाकायला उपयोग. तिनं मांजरपाटाचं कापड आणलं, सहा फूट उंच, चार फूट रुंद. आमच्या गटाच्या शिवणयंत्रावर कडा दुमडून घेतल्या. कापडाला खळ दिली म्हणजे रंग पसरत नाही. फोटोवर पेन्सिलनं बारीक चौकटी आखल्या, कापडावर खडूनं तेवढ्याच मोठ्या चौकटी आखल्या आणि एकेका चौकटीतलं चित्र तेवढ्याच चौकटीत उतरवलं. रांगोळीचे ठिपके मोजून नक्षी मोठी करतो ना, तसंच. चर्चची सहा मुलं रोज संध्याकाळी यायची, कोणी रंग कालवायचं, कोणी जमीन भरायचं. त्या वेळात मोबाइल ओट्यावर उलटे पडलेले असायचे. हे मी स्वतः पाहिलं.

चित्रात मधे कार्लो. फोटोत आहे तसाच, लाल टी-शर्ट, पाठीवर सॅक, कुरळे केस. डोक्यामागं प्रभावळ. ती मात्र तिनं आपल्या देवाच्या पितळी प्रभावळीसारखी, बारीक किरणांची काढली. त्याच्या मागं मिलान शहर नाही. मागं लातूर. क्लासवरून सुटलेली मुलंमुली, सायकली, डब्याच्या पिशव्या, एसटीची वाट बघणारं एक पोर. सगळ्यांच्या पाठीवर सॅक. लांबून बघितलं तर कार्लो त्यांच्यातलाच एक वाटतो. आणि खाली डाव्या कोपऱ्यात मरिया, नऊवारीत, डोक्यावर पदर, कडेवर बाळ. मी फोन्सेकांबद्दल सांगितलेलं तिनं लक्षात ठेवलं होतं.

१२ ऑक्टोबर हा कार्लोच्या सणाचा दिवस. त्या दिवशी ते चित्र लागलं. मावशीनं आम्हा सगळ्या गटाला बोलावलं होतं, आम्ही गेलो. सगळ्यांना ते आवडलं असं मी सांगणार नाही. एक आजोबा सरळ म्हणाले, जीन्स मला पटली नाही ती नाहीच. म्हणाले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. पण एक म्हातारी आजी चित्राजवळ गेली, खालच्या कोपऱ्यातल्या मरियेकडे बराच वेळ बघत राहिली, आणि नकळत तिनं स्वतःचा पदर डोक्यावर सारखा केला. आणि मुलं? जी मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची, ती पुढं येऊन आपापला मित्र चित्रात शोधत होती. "हा तू आहेस बघ, तुझीच सायकल." मावशी माझा हात धरून उभी होती. काही बोलली नाही.

परत येताना आमच्या गटातली एक अक्का माझ्या शेजारी चालत होती. ती मूळची किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा ती लहान होती. मी तेव्हा चार वर्षांची होते, मला फक्त आरडाओरड आठवते. तिची आई त्या रात्री गेली. घर गेलं आणि घरातले फोटोही ढिगाऱ्यात गेले. अक्का म्हणाली, "तू म्हणालीस ना, ज्याचा फोटो नाही त्याला आपण चेहरा देऊ शकतो. माझ्या आईचा फोटो नाही. चेहरा आता आठवत पण नाही. मी कॅलेंडरवरच्या लक्ष्मीलाच आई म्हणते. इतकी वर्षं मला वाटायचं, हे चुकीचं आहे."

मी तिला म्हणाले, चुकीचं काही नाही अक्का. रविवर्म्यांनी तो चेहरा कुठल्यातरी जित्या बाईकडे बघूनच काढला असणार. ती बाई तुझ्या आईसारखी असेल तर काय बिघडलं?

म्हणून मैत्रिणींनो, आज एक काम सांगते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो आणायचा. आईचा, आजीचा, सासूचा, कोणाचाही. फोटोच्या मागं पेन्सिलनं नाव, गाव आणि जमलं तर वर्ष लिहायचं. पेननं नको, शाई पुढं फुटते. फोटो प्लास्टिकच्या थैलीत ठेवायचा, पण थैलीला एक भोक ठेवायचं, नाहीतर ओल धरते. ज्यांच्याकडे फोटो नाही, त्यांनी चार गोष्टी सांगायच्या. आई कोणतं लुगडं नेसायची, कुंकू केवढं लावायची, हातात काय असायचं, चालायची कशी. आमची ती पोरगी येणार आहे. ती पाटी-पेन्सिल नाही, कागद आणि रंग घेऊन बसणार आहे. अक्कानं पहिला नंबर लावला आहे.

तोवर तब्येत सांभाळा, हप्ते वेळेवर भरा, आणि क्लासला गेलेल्या पोराला आज एक फोन करा. मार्क विचारू नका, जेवलास का विचारा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.